पत्रिका वाटून झाल्या आहेत

खंडाळा,
१ फेब्रुवारी

राजीताई,

माझ्या हातचं पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. आईची म्हैस व्यायली. आबांचा गुडघा धरलाय, तरी लग्नाच्या पत्रिका स्वतःच फिरून वाटतायत, ऐकत नाहीत. फोन न करता पत्र लिहितोय कारण माझा नंबर म्हणजे बंगल्याच्या बुकिंगचा नंबर. मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर माझं व्हॉट्सॲप दिवसभर उघडं असतं आणि कॉल सगळे रेकॉर्ड होतात. तू लहानपणी मला शुद्धलेखन शिकवलंस, ते आता कामी येतंय बघ.

काम असं आहे. माझा एक मित्र आहे, विक्की. माझ्यासारखाच इथे बंगल्यावर ड्रायव्हर. २५ जानेवारीला सुट्टीची गर्दी होती, पाहुण्यांच्या उरलेल्या बाटल्या होत्या, आणि शेजारच्या बंगल्यात स्वयंपाकाला येणारी सारिका म्हणून एक बाई आहे. विधवा आहे. नवरा नाही, म्हणजे तसलीच म्हणायची. दोघांचं व्हायचं ते झालं. विक्कीने काही वापरलं नव्हतं. आता त्याला वाटतंय की आपल्याला एड्स झाला. आठ दिवस झाले, अन्न जात नाही.

तू सरकारी दवाखान्यात केसपेपर काढतेस. तिथल्या डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचार आणि औषध असेल तर लिहून पाठव. जरा लवकर, त्याचं लग्न ९ मार्चला आहे.

हे पत्र फाडून टाक.

तुझा,
निलेश


मिरज,
५ फेब्रुवारी

निलेश,

विक्कीचं लग्न ९ मार्चला. तुझंही ९ मार्चला. तुझी पत्रिका माझ्या डोळ्यांसमोर भिंतीला लावलेली आहे, तारीख रोज वाचते. थाप मारायची तर निदान तारीख तरी बदलायची. तेवढीही अक्कल चालवली नाहीस.

डॉक्टरांना विचारायची गरज नाही, मला माहीत आहे. असं काही घडलं तर बहात्तर तासांच्या आत दवाखान्यात जायचं असतं. आत गेलं तर अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या देतात आणि बहुतेक वेळा माणूस वाचतो. बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. तू आठ दिवस विक्कीचं नाव शोधण्यात घालवलेस. 

आता एवढंच करायचं. लोणावळ्याच्या सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. महिना-दीड महिन्याने एकदा आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा. नवा संसर्ग लगेच तपासणीत दिसत नाही, म्हणून दोनदा. तीन महिने म्हणजे २५ एप्रिल. तोपर्यंत लग्न नाही. प्रतीक्षाला सांगायचं आणि तारीख पुढे ढकलायची.

आणि "तसलीच" म्हणजे कसली रे? त्या खोलीत दोन माणसं होती. एकाचं लग्न ठरलेलं होतं. त्याला काय म्हणायचं, ते लिहिलं नाहीस. नवरा नसलेल्या बाईबद्दल मला लिहिताना तुझा हात एकदाही थांबला नाही? मलाही नवरा नाही, निलेश.

तिला विचारलंस का ती कशी आहे? तिला भीती वाटते का?

राजी


खंडाळा,
१० फेब्रुवारी

ताई,

चुकलं. तुझ्याबद्दल तसं मनातसुद्धा नव्हतं. दाजी काविळीने गेले, तुझी गोष्ट वेगळी.

व्हय, मीच. आता काय लपवायचं. ताई, मला झालंय. आरशासमोर जीभ बाहेर काढून मोबाइलची बॅटरी मारून बघतो, पांढरे ठिपके आहेत. मानेत गाठ लागते. थर्मामीटर विकत घेतलाय, दिवसातून सहादा लावतो. स्टेशनवरच्या काट्यावर परवा वजन केलं, दीड किलो कमी. पाहुण्यांना राजमाची पॉइंट दाखवायला नेतो आणि तिथे उभा राहून मोबाइलवर लक्षणं वाचतो. एका बाईंनी विचारलं, दादा, तुम्हाला बरं नाही का, तर मला रडूच आलं.

दवाखान्यात गेलो होतो. खोलीच्या दारापर्यंत गेलो. बाहेर बाकावर आपल्या वाडीतला गेणू बसलेला, बायकोच्या सोनोग्राफीला आलेला. म्हणाला, "आरं निल्या, तू हितं कुटं?" मी म्हणालो पाहुण्यांसाठी गोळी घ्यायला आलोय, आणि मागे फिरलो. तिथे अख्खा मावळ बसलेला असतो, ताई. त्या दाराच्या आत पाऊल टाकलं की आंदर मावळात संध्याकाळच्या आत बातमी.

लग्नाचं म्हणशील तर आता ते माझ्या हातात नाही. पत्रिका वाटून झाल्या आहेत. आबा गुडघा धरून एकेक वाडी फिरले, दारात उभं राहून प्रत्येकाला अक्षता दिल्या. मांडव ठरला, आचारी ठरला. आता थांबवलं तर आबांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. लग्न होऊन जाऊ दे, मग शांतपणे तपासून घेतो. तोपर्यंत काही कारण काढून प्रतीक्षाला लांब ठेवीन.

आणि खरंच निघालं तर मला सांगूच नका. असलं घेऊन जगण्यात काय अर्थ आहे? लोक ताट वेगळं ठेवतात.

निलेश


मिरज,
१४ फेब्रुवारी

निलेश,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "पत्रिका वाटून झाल्या आहेत." हे वाक्य पुन्हा मला लिहायचं नाही, बोलायचं नाही, माझ्यासमोर मनातही आणायचं नाही. का, ते विचारू नकोस.

पत्रिका म्हणजे कागद. प्रतीक्षा कागद नाही. तिचं वय काय, चोवीस? तू तिला "लांब ठेवणार"? लग्न झाल्यावर कोण कुणाला किती दिवस लांब ठेवतं, ते मला सांगू नकोस. चार दिवसांत काकूच, तुझी आईच, विचारायला लागेल. मग तुला स्वतःच्या मर्दानगीची काळजी वाटेल, आणि त्या पोरीचं जे व्हायचं ते होईल.

जिभेवरचे ठिपके बघणं बंद कर. तिथे काही कळत नाही. तीन आठवडे जेवला नाहीस, झोपला नाहीस, तर वजन कमी होणारच. थर्मामीटर मॅनेजरला देऊन टाक. कळायचं ते फक्त रक्ताच्या तपासणीत कळतं, आणि ती करायला तुझी छाती होत नाही. तुला रोगाची भीती नाहीच. तुला गेणूची भीती आहे.

आणि असलं घेऊन जगण्यात काय अर्थ म्हणालास. इथे माझ्या खिडकीसमोर रोज असली माणसं येतात. गवंडी, शिक्षिका, ऊसतोडीला जाणारी, बँकेतला शिपाई. महिन्याच्या गोळ्या नेतात, रोज एक. मुलांना शाळेत सोडतात, कर्ज फेडतात, भांडतात, नातवंडं खेळवतात. त्यांना अर्थ काय ते विचारून तर बघ. चपलेने उत्तर देतील.

दहा दिवसांत प्रतीक्षाला सांग.

राजी


खंडाळा,
२० फेब्रुवारी

ताई,

सुटलो! तुझ्या सगळ्या शिव्या माफ.

काल शिवजयंतीला आपल्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. मला मंडळातल्या गौरवने आठवण करून दिली, रक्त दिलं की पेढीवाले एचआयव्ही, कावीळ, सगळ्या तपासण्या करतात, आपल्याला एक पैसा पडत नाही. काही निघालं तर त्यांचा फोन येतो. नाही आला तर माणूस क्लीन. आमच्यातली पोरं असंच करतात, दर वर्षी आपोआप चेकिंग होऊन जातं. दवाखान्याचं दार नको, गेणू नको, उलट चारचौघांत कौतुक. मी पहिला नंबर लावला. फॉर्मवर दहा-वीस प्रश्न होते, सगळीकडे "नाही"वर टिक केलं. सर्टिफिकेट मिळालं आणि हेल्मेट मिळालं. सरपंचांनी पाठीवर थाप मारली.

आज संध्याकाळपर्यंत फोन नाही. गेले पंचवीस दिवस मी उगाच मेलो. काल दोन भाकऱ्या आणि वाटीभर मटणाचा रस्सा हाणला. जिभेवरचे ठिपकेसुद्धा कमी वाटतायत.

आता प्रतीक्षाला सांगायचा प्रश्नच उरला नाही. ६ तारखेपर्यंत ये, हळदीला तूच पाहिजेस.

निलेश


मिरज,
२२ फेब्रुवारी
स्पीड पोस्टाने

निलेश,

तुला मूर्ख म्हणायचं होतं, पण मूर्खाला माफी असते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावर होते. तिथूनच तुला फोन केला. तू म्हणालास, "मॅडम, शनिवार-रविवार फुल आहे." मी पुन्हा केला. तू म्हणालास, "स्विमिंग पूलचं काम चालू आहे, मॅडम." मी रक्ताबद्दल ओरडत होते आणि तू मला पूल दाखवत होतास. मग घरच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला तुझा फोटो काढला. हातात हेल्मेट, तोंडभर हसू, मागे बॅनर. बॅनरवर रक्तपेढीचा नंबर होता. त्यांना मीच फोन लावला. तिथल्या बाईंनी तुझं नाव लिहून घेतलं, पिशवी बाजूला काढते म्हणाल्या, पण देणाऱ्याने स्वतः येऊन सांगायला हवं. पत्र वाचलंस की उठ आणि जा.

तुला मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, नवा संसर्ग लगेच दिसत नाही. म्हणजे काय, ते तुझ्या डोक्यात शिरलं का? तुझ्या रक्तात काही असेल तर पंचविसाव्या दिवशी ते तपासणीतून निसटू शकतं. पिशवीवर ठीक असा शिक्का बसतो. मग ती पिशवी कुणाला तरी चढते. अडलेल्या बाळंतिणीला. दर महिन्याला रक्त लागतं अशा एखाद्या पोराला. तुझी भीती तू त्यांच्या शिरेत घालायला निघालास, आणि वर हेल्मेट घेऊन आलास. त्या फॉर्मवर असा संबंध आला होता का, हाच प्रश्न सरळ विचारलेला असतो. तू "नाही"वर टिक केलंस.

आता माझं ऐक. मी केसपेपर काढत नाही. एचआयव्हीच्या गोळ्या जिथे मिळतात त्या सेंटरमध्ये मी काम करते. पण कामाला मी नंतर लागले. त्याआधी मी तिथे रांगेत उभी होते. या पावसाळ्यात अकरा वर्षं होतील.

तुझे दाजी काविळीने गेले नाहीत. माझं लग्न झालं तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास, पाठराखा म्हणून माझ्याबरोबर सासरी धरणापलीकडे आला होतास, दोन दिवस बासुंदी खाल्लीस. तीन वर्षांनी ते दवाखान्यात हाडांचा सापळा होऊन पडले होते आणि माझा रिपोर्ट माझ्या हातात होता. मी विचारलं, तुम्हाला लग्नाआधी माहीत होतं? भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "म्हाईत व्हतं. पन पत्रिका वाटून झाल्या व्हत्या."

म्हणून ते वाक्य मला लिहू नकोस म्हणाले होते.

आणखी एक. हळदीच्या दिवशी त्यांच्याच गावच्या एका माणसाने आबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोराला कसलातरी आजार आहे, चौकशी करा. आबांनी केली नाही. मला वडील नव्हते, तुझे आबाच माझे वडील. हे मला काकूने नंतर रडत रडत सांगितलं. आबांना वाटतं मला माहीत नाही. अकरा वर्षं दिवाळीला त्यांच्या पाया पडते आणि दात आवळून आशीर्वाद घेते.

तुला सोडवायला हे लिहीत नाही. मला तुझा एवढा राग आला आहे की समोर असतास तर मारलं असतं. आबा लग्न थांबवायला तयार होणार नाहीत, हे मला माहीत आहे. नाही झाले तर हे पत्र त्यांना वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये काही गाळायचं नाही. अकरा वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट तुझ्या हातात देते आहे. तू लायक आहेस म्हणून नाही. प्रतीक्षाला सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून.

राजी


वाडीवरून,
३ मार्च

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी रजा टाकून रक्तपेढीत गेलो. तिथल्या बाईंनी पिशवी बाद केल्याचं मला समोर सांगितलं. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, तुमच्यासारखे अजून किती येत असतील आणि आम्हाला कळतही नसेल. त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. हेल्मेट मी मंडळाच्या ऑफिसात ठेवून आलो.

मग सारिकाकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ करत होतो. ती कणीक मळत होती. माझं ऐकून हात न थांबवता म्हणाली, "मी तर फेब्रुवारीच्या पयल्याच आठवड्यात जाऊन आले दवाखान्यात. आता पुन्हा बोलावलंय. तुमचा काय भरवसा? ड्रायव्हर मानूस, कुटं कुटं ऱ्हाता." ती माझ्यामुळे घाबरली होती, ताई. माझ्यामुळे. मी महिनाभर तिला तसली म्हणत होतो.

आबांना गोठ्यात गाठलं. आधी पत्र न दाखवता सांगितलं. ते भडकलेच. "येडा झाला का तू? पाचशे पान जेवनार हाय! मी दारोदार अक्षता दिल्यात, त्या काय माघारी मागू?" मग मी पत्र काढलं. आई उंबऱ्यात येऊन बसली. दाजींचं भिंतीकडे तोंड करून बोलणं आलं तेव्हा आबांनी हात वर केला, थांब म्हणून. मी थांबलो नाही. हळदीच्या दिवसाचं वाचलं तेव्हा आई पदर तोंडात घालून रडायला लागली. आबा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

मग घरात गेले, पत्रिका कुणाकुणाला दिल्या ती यादी घेतली, काठी घेतली. मी म्हणालो, फोन करू, नाहीतर गाडीवर नेतो. म्हणाले, "फोनवर न्हाई. जितं अक्षता दिल्या, तितं जाऊन सांगायचं. तू नगं येऊ. तू त्या पोरीकडं जा."

तीन दिवस चालले. त्या गुडघ्याने. लोक विचारायचे, काय झालं, मुलीकडचं काही वाकडं निघालं का? आबा सांगायचे, "पोरीचं काय न्हाई. आमच्या पोराची तपासनी ऱ्हायलीय." कसली? "रक्ताची." एवढं सांगून पुढच्या दारात. गेणूच्या घरीसुद्धा.

शेवटच्या दिवशी परत आले, पाय गरम पाण्यात सोडून बसले. मला म्हणाले, "तीन दिसात येकसष्ट घरं चाललो. राजीच्या टायमाला येकाच घरी जाऊन इचारायचं व्हतं."

मग रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं.

प्रतीक्षाला शिंप्याच्या दुकानाबाहेर भेटलो, ती ब्लाउज आणायला आली होती. तुझं नाव काढलं नाही. माझं सगळं सांगितलं. तिने विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?" मी मोजून सांगितलं. म्हणाली, "म्हणजे मी पाचवी. नवरी मी आणि नंबर पाचवा." पिशवी उचलली आणि गेली.

निलेश


खंडाळा,
२८ एप्रिल

ताई,

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं होतं. "रडगाणं लिहू नकोस. तारीख चुकवू नकोस." चुकवली नाही. ११ मार्चला एकदा गेलो आणि २५ एप्रिलला पुन्हा. बाकावर ओळखीचे तिघे होते. त्यांच्यासमोरून आत गेलो.

दोन्ही वेळा निगेटिव्ह. सारिकाचंही.

मला वाटलं होतं, असा कागद हातात आला की मी स्टेशनभर नाचेन. बाहेर येऊन पायरीवर बसलो. तुझ्या हातात असा कागद आला तेव्हा तू कुठे बसली होतीस, तेच मनात येत राहिलं.

प्रतीक्षाकडे रिपोर्ट घेऊन गेलो. तिने नीट वाचला, तारीख बघितली, परत दिला. म्हणाली, "रिपोर्ट चांगला आहे. तू चांगला आहेस असं यात लिहिलेलं नाही." नाही म्हणाली ती. तिच्या बाबांना खरं कारण मीच सांगायचं, अशी अट घातली. सांगितलं. त्यांनी मला घराबाहेर काढलं. बरोबर केलं.

आबा रोज विचारतात, राजीचं पत्र आलं का. स्वतः लिहायला बसतात, "चिरंजीव राजीस" एवढं लिहितात आणि कागद घडी करून ठेवतात. असे सात-आठ कागद झालेत. मी विचारलं, काय कळवू? म्हणाले, "काय तोंडानं कळवू."

निलेश


मिरज,
३ मे

निलेश,

रिपोर्ट कळला. पेढे पाठवू नकोस, आणि नशिबाने वाचलो असं कुणाला सांगत फिरू नकोस. प्रतीक्षा वाचली, ती मात्र नशिबाने नाही. आबांच्या पायांनी वाचली. त्या मुलीने तुला नाही म्हटलं याचा मला आनंद झाला. हे वाईट वाटून घेण्यासारखं असेल तर घे.

गौरवला आणि मंडळाच्या सगळ्या पोरांना बसवून शिबिरातल्या फुकटच्या चेकिंगचं काय असतं ते तू सांगायचंस. स्वतःचं नाव घालून. विक्कीचं नाही.

आबांना सांग, माझा राग गेलेला नाही. येकसष्ट घरं चालले म्हणून तो जायचा नाही आणि त्यांनी तशी आशा धरू नये. तो माझा आहे, मी तो अकरा वर्षं सांभाळला आहे, कधी सोडायचा ते मी ठरवीन. पण ते आठ कागद फाडू नका म्हणावं. तसेच असू देत.

१७ मेला मी येते आहे. माझ्या गोळ्यांची डबी या वेळी पर्समध्ये लपवणार नाही, पाण्याच्या हंड्याशेजारी फळीवर ठेवणार आहे. रात्री जेवण झालं की सगळ्यांसमोर घेईन. काकूला सांग, मला सगळ्यांच्या पंगतीत बसव आणि रोजच्याच ताटात वाढ. माझं ताट वेगळं निघालं, तर मी भरल्या ताटावरून उठेन, आणि मग आबांना ती येकसष्ट घरं पुन्हा चालावी लागणार नाहीत. या वेळी मीच जाईन, प्रत्येक दारात उभी राहीन, आणि माझे यजमान कशाने गेले ते माझ्या तोंडाने सांगेन.

राजी